रुजू होण्याआधीचे महिने

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) ३० मे २०२५ रोजी १४८व्या तुकडीबरोबर पहिल्या सतरा मुली दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या टपालाची तऱ्हाच बदलली. पूर्वी ‘मुलींना घेतात का?’ असे विचारणारी पत्रे येत. आता ‘मला जायचेच आहे, तोपर्यंत काय करू?’ असे विचारणारी येतात. या महिन्याची पत्रे सगळी याच प्रश्नाची असल्यामुळे इतर विषय बाजूला ठेवले आहेत. मी स्वतः काही वर्षे गणवेशात काढली आहेत, त्यामुळे उत्तरांत थोडे अनुभवाचे आणि थोडे चुकांचे बोल येतील.

प्रश्न : *मी अठरा वर्षांची असून धनकवडीला राहते. महिला अग्निवीर म्हणून लष्करी पोलिसांत जाण्यासाठी तयारी करते आहे. चार महिन्यांपासून सकाळ-संध्याकाळ तळजाईच्या रस्त्यावर पळते. लवकर सवय व्हावी म्हणून गेल्या महिन्यापासून सैनिकी बूट घालून आणि पाठीवरच्या सॅकमध्ये दोन विटा ठेवून पळू लागले. आता उजव्या नडगीत दुखते. आमचे सर म्हणतात की दुखणे म्हणजे मनाचा कमकुवतपणा. वजन कमी असले की वेग वाढतो असे ऐकल्यामुळे मी रात्रीचे जेवण सोडले आहे. आणखी एक, तीन महिन्यांपासून पाळी आलेली नाही. पण ती कटकट गेली म्हणून बरेच वाटते. १.६ किलोमीटर मला अजून आठ मिनिटे दहा सेकंद लागतात. काय करू?*

उत्तर : तुझ्या पत्रात वेगाचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे आणि तो तिथेच असायला हवा, कारण त्याआधी तू ज्या तीन गोष्टी जाता जाता सांगितल्या आहेस, त्या तिन्ही एकमेकींना धरून आहेत आणि त्यांचा निकाल लागल्याशिवाय वेगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा नडगीकडे पाहू. आज घरी बसून एक करून पाहा. एका बोटाच्या टोकाने नडगीच्या हाडावरून वरपासून खालपर्यंत हळूहळू दाबत जा. दुखणे वीतभर पसरलेले असेल आणि पळायला लागल्यावर शरीर तापले की कमी होत असेल, तर तो बहुधा स्नायूंचा आणि हाडावरच्या आवरणाचा ताण असतो. मात्र रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, पळताना ती वाढत जात असेल आणि रात्री अंथरुणात पडल्यावरही तिथे ठणकत असेल, तर हाडाला बारीक भेग पडल्याची शंका घ्यायला हवी. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. ही भेग सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. दोहोंपैकी काहीही असो, पळणे आजपासून बंद कर आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला पाय दाखव. तुझ्या सरांचा हेतू चांगला असेल. पण हाडाला मन नसते, त्यामुळे ते मनाने कमकुवत असूच शकत नाही.

हे असे का होते, तेही समजून घे. पळण्याचा सराव सुरू केला की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. दम लागेनासा होतो आणि आपल्याला वाटते, आता आपण घडलो. हाडाचे मात्र तसे नसते. नवा भार पडू लागला की शरीर आधी त्या जागचे जुने हाड काढून टाकते आणि मग तिथे नवे, अधिक बळकट हाड भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षाही नाजूक असते. रस्ता खोदून ठेवला आहे आणि डांबर अजून यायचे आहे, अशी ती अवस्था. पुणेकर मुलीला याहून अधिक सांगायला नको. नेमक्या त्याच काळात तू त्यावरून बूट आणि विटा नेल्यास.

मीही हेच केले होते. प्रशिक्षणाला जाण्याआधी दोन महिने मी रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या आठ-आठ वेळा चढत-उतरत असे, तेही वडिलांच्या ट्रेकिंगच्या जड बुटांत, आणि घरातल्यांसमोर मिरवत असे. प्रशिक्षणाच्या अकराव्या आठवड्यात पाय सुजला. मी तो दोन आठवडे लपवला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून घोट्यावर घट्ट पट्टी बांधायची, वर दोन मोजे चढवायचे आणि लंगडणे दिसू नये म्हणून रांगेच्या मध्यभागी उभे राहायचे, असा माझा क्रम होता. शेवटी सहा आठवडे मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून इतरांचे ड्रिल पाहावे लागले. त्या खुर्चीत जेवढी शिस्त शिकले, तेवढी मैदानावर शिकले नाही, हे खरे असले तरी ती शिकण्याची पद्धत कोणाला सुचवणार नाही.

आता पाळीबद्दल. तीन महिने पाळी न येणे ही कटकट गेल्याची खूण नव्हे. शरीराने खर्चाला कात्री लावल्याची ती खूण आहे. जेवढे खाल्ले जाते त्याहून कितीतरी अधिक खर्च होऊ लागला, की शरीर जिवंत राहण्यासाठी ज्या गोष्टी अगदी तातडीच्या नाहीत त्या थांबवते, आणि पाळी त्यांत पहिली असते. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरकही घटलेले असते आणि हाडांची राखण तर तेच करते. म्हणजे रात्रीचे जेवण, पाळी आणि नडगी ही तीन दुखणी नसून एकच आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाला अवश्य भेट, कारण पाळी थांबण्याची इतरही कारणे असू शकतात आणि ती तपासूनच ठरतात. रक्त तपासताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व पाहून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. पळताना दम पुरत नाही याचे कारण पुष्कळदा सरावात नसून तिथे असते.

जेवणाबद्दल एवढेच, की ते आजपासून पूर्ववत सुरू कर. घरात जे शिजते त्यातच बरेचसे मिळते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि प्रौढ स्त्रीला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागते. तेव्हा एक नाचणीची भाकरी, दोन वाट्या दही किंवा ताक आणि चमचा-दोन चमचे तिळाची चटणी असा हिशेब धरला तर बराच पल्ला गाठता येतो. पालेभाजी, उसळ यांवर लिंबू पिळ आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस. चहामुळे लोह अंगी लागत नाही. अमेरिकी नौदलात दाखल झालेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांना आठ आठवड्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेव्हा ते न मिळालेल्या गटाच्या तुलनेत अशा भेगांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी भरले होते. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तरच आणि तेवढ्याच घ्याव्यात.

डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली की वेगाकडे वळू. लष्करी पोलिसांच्या मैदानी चाचणीत पळण्याच्या वेळेवरून गट पडतात; पहिल्या गटासाठी १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांत आणि दुसऱ्या गटासाठी आठ मिनिटांत पूर्ण करावे लागत आले आहे, शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. तुझ्या भरतीची जाहिरात निघाली की आकडे तिच्याशी ताडून घे. चारशे मीटरच्या मैदानावर हे चार फेरे होतात. साडेसात मिनिटांसाठी प्रत्येक फेरा १ मिनिट ५२ सेकंदांचा पडतो. भरतीच्या मैदानावर मुली पहिला फेरा दीड मिनिटात मारतात आणि तिसऱ्यात बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणून आठवड्यात तीनच दिवस पळ : एक दिवस सावकाश आणि लांब, एक दिवस चारशे मीटरचे चार ते सहा फेरे, मध्ये दोन-दोन मिनिटे चालत आणि प्रत्येक फेरा १ मिनिट ५० सेकंदांच्या आत-बाहेर, एक दिवस तळजाईच्या मातीच्या वाटेवर, डांबरावर नव्हे. उरलेल्या दिवसांत मांड्या, कंबर आणि पोटऱ्यांचा व्यायाम कर आणि एक दिवस संपूर्ण विश्रांती घे. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढव, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कर. विटा जिथून आणल्यास तिथे ठेवून ये. बूट नुसते चालण्यासाठी वापर, तेही नडगी पूर्ण बरी झाल्यावर.

प्रश्न : *मी चोवीस वर्षांची अभियंता असून वाकडला राहते. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीसाठी माझी निवड झाली असून एप्रिलमध्ये रुजू व्हायचे आहे. पळण्याची चिंता नाही. मला एकही चिन-अप येत नाही. पण खरी भीती वेगळीच आहे. कार्यालयात साहेब जरा चढ्या आवाजात बोलले तरी माझे डोळे भरून येतात. तिथे दिवसभर ओरडणाऱ्या उस्तादांपुढे माझे कसे होणार?*

उत्तर : चिन-अपचे आधी संपवू, कारण ते सोपे आहे. दांड्याखाली स्टूल ठेवा, त्यावर चढून हनुवटी दांड्याच्या वर येईल असे धरा आणि मग पाय सोडून, मनात पाच अंक मोजत, जमेल तितके हळू खाली या. अशा पाच उतरण्या, आठवड्यातून तीनदा. जोडीला नुसते लोंबकळणे आणि जमिनीवरचे दंड. दीड-दोन महिन्यांत पहिली चिन-अप बहुधा येते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांच्या खांद्यांत आणि दंडांत स्नायू कमी असतात, त्यामुळे याला वेळ लागतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही, मात्र वेळ लागतो म्हणूनच आजच सुरुवात करायला हवी. पिट्ठू, म्हणजे सैनिकी सॅक, पाठीवर घेऊन चालण्याचाही सराव करा, पण वजन स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरू करा आणि तो पाठीवर असताना पळू नका. आतकरवाडीकडून सिंहगड चढणे याला उत्तम आहे. उतरताना सावकाश या, कारण गुडघे आणि नडग्या चढण्यापेक्षा उतरण्यात अधिक मार खातात.

चेन्नईच्या हवेचाही विचार करा. मार्चमधली पुण्याची पहाट आणि एप्रिलमधली तिथली पहाट यांत फार अंतर आहे. उष्ण, दमट हवेची शरीराला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. निघण्याआधीचे दोन आठवडे पहाटेऐवजी सकाळी साडेनऊ-दहाला, बेताचाच व्यायाम करा, पाण्याबरोबर मीठ-साखर-लिंबू घ्या आणि डोके हलके वाटू लागले की थांबा.

आता ओरडण्याबद्दल. साहेब चिडतात तेव्हा त्यांच्या मनात तुमच्याविषयी काहीतरी असते, किंवा आहे असे तुम्हाला वाटते. डोळे त्याने भरून येतात. मैदानावरचा उस्ताद ओरडतो तेव्हा त्याच्या मनात तुमच्याविषयी काहीही नसते. त्याला तुमचे नावही पहिले काही दिवस ठाऊक नसते. तो तुमच्या कोपराच्या कोनावर ओरडतो, टाच उशिरा आपटली त्यावर ओरडतो, आणि दहा मिनिटांनी तोच माणूस तुमच्या बुटाची नाडी कशी आत खोचायची ते गुडघ्यावर बसून दाखवतो. शब्द ऐकायचे आणि आवाज सोडून द्यायचा, ही सवय घरी लावता येते. भावाला किंवा मैत्रिणीला मोठ्याने, भराभर सूचना द्यायला सांगा आणि त्या जशाच्या तशा करत जा. पहिल्या दिवशी दोघींनाही हसू येईल, पाचव्या दिवशी येणार नाही.

रडू आलेच तर? येऊ द्या. माझ्या तुकडीत न रडलेली मुलगी मला आठवत नाही. रडत रडत फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभे राहण्याच्या हजेरीला, वेळेवर पोहोचलेल्या मुलीला कोणी काही म्हणत नाही. कोरड्या डोळ्यांनी उशिरा आलेलीला मात्र सगळ्या तुकडीसह फ्रंट रोल (कोलांट्या) मारावे लागतात.

मनाला खरा त्रास ओरडण्याने होत नाही, तो अपुऱ्या झोपेने आणि वेळेच्या ओढाताणीने होतो. पीटीचा वेश उतरवून ड्रिलचा वेश चढवायला हातात काही मिनिटे असतात. त्यात पट्ट्याचे पितळ चमकलेले हवे, पलंगावरच्या चादरीला सुरकुती नको. ही मिनिटे पुरत नाहीत आणि मुली स्वतःला नालायक समजू लागतात. म्हणून या तीन महिन्यांत पुढील गोष्टी इतक्या अंगवळणी पाडा, की झोपेतही करता याव्यात : पहाटे पाचला उठणे आणि रात्री दहाला झोपणे, बुटांना पॉलिश, कपड्यांना इस्त्री, बटण टाकणे, पाच मिनिटांत आंघोळ, दहा मिनिटांत पोटभर जेवण. यातले बटण टाकणे तुम्हाला किरकोळ वाटेल. दुसऱ्या रात्री अकरा वाजता माझ्या गणवेशाचे बटण तुटले आणि मला सुईत दोरा ओवता येईना, इतके हात थरथरत होते. शेजारच्या पलंगावरची मणिपूरची मुलगी काही न बोलता उठली, तिने दोरा दातांनी तोडला, सुई ओवून माझ्या हातात दिली आणि जाऊन झोपली. तिचे हिंदी मला कळत नव्हते आणि माझे तिला. पण त्यानंतर वर्षभर तिचे केस मी बांधले आणि माझी बटणे तिने टाकली. प्रशिक्षण एकटीने पार पाडायचे नसते, हे तिथे कोणी शिकवत नाही, पण ते पहिल्या आठवड्यात कळले तर पुढचे महिने हलके जातात. प्रशिक्षणाच्या एकोणपन्नास आठवड्यांचा विचार एका वेळी करूच नका. पुढच्या फॉल-इनपर्यंतचा करा.

आणखी एक बारीक गोष्ट. संचलनात उंच व्यक्तींच्या पावलाशी पाऊल जुळवण्यासाठी बुटक्या मुली टांग लांब टाकतात आणि त्याचा ताण जांघेच्या हाडांवर येतो. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात स्त्री-प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत हे ध्यानात आल्यावर चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी कमी करण्यात आली आणि या दुखापती घटल्या. तुमची उंची बेताची असेल तर जांघेतले दुखणे ‘ताण आहे, जाईल’ म्हणून अंगावर काढू नका.

प्रश्न : *माझी मुलगी एनडीएची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली असून मुलाखतीची तयारी करते आहे. आम्ही कोथरूडला राहतो. निवड झालीच तर खडकवासला इतके जवळ आहे की दर रविवारी डबा घेऊन जाता येईल का? सासूबाईंना मासिक पाळीच्या दिवसांची काळजी वाटते. तिला पोहताही येत नाही.*

उत्तर : डबा नेण्याचा विचार मनातून काढून टाका. भेटीचे आणि फोनचे दिवस प्रबोधिनी ठरवते, आणि परवानगी असेल तेव्हासुद्धा सुरुवातीला जरा हात आखडताच ठेवावा असे मी सुचवेन. शेजारच्या पलंगावरच्या मुलीची आई आसामात असते आणि आपली आई चांदणी चौकापलीकडे. या जवळपणाचा मुलीला आधार कमी आणि त्रास जास्त होतो. पत्रे लिहा. पत्रात घरचा कुत्रा, शेजारचे लग्न, भाजीचे भाव असे काहीही लिहा, फक्त ‘जमत नसेल तर परत ये’ एवढे एक वाक्य लिहू नका, आणि ‘परत यायचे नाही’ हेही नको.

पाळीचे म्हणाल, तर प्रशिक्षण त्यासाठी थांबत नाही आणि थांबावे अशी मुलींचीही अपेक्षा नसते. फार दुखत असेल किंवा रक्तस्राव जास्त असेल, तर त्याची तपासणी आत्ताच करून घ्या. तिथे गेल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांना न संकोचता सांगायचे असते. पॅड असो वा कप, जे वापरायचे ते घरी असतानाच लांब पळण्याच्या दिवशी वापरून पाहावे, कारण मांड्या कुठे घासतात ते पाच किलोमीटरनंतरच कळते. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सल्ल्याने घेऊ नयेत. सासूबाईंना एवढे सांगा, की त्यांच्या पिढीतल्या स्त्रिया त्या दिवसांतही शेतात राबत होत्या.

पोहणे मात्र नक्की शिकवा. पोहणे प्रबोधिनीच्या प्रशिक्षणात असतेच, आणि पाण्याची भीती बाळगून गेलेल्या मुलामुलींची पहिली सत्रे त्या भीतीतच जातात. टिळक तलावात किंवा घराजवळच्या तलावात तिला आधी पाठीवर तरंगायला शिकू द्या, वेग पुढे येईल.

प्रश्न : *माझे वय तीस असून लग्न झाले आहे. मी हडपसरला शाळेत शिकवते. आता गणवेशाचे स्वप्न सोडून द्यावे का?*

उत्तर : अग्निवीर आणि एनडीए हे दोन्ही मार्ग अविवाहितांसाठी असल्यामुळे ते तुम्हाला बंद आहेत. प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी) मात्र नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांना अधिकारी म्हणून १८ ते ४२ या वयात अर्ज करता येतो, आणि तो स्त्रियांनाही खुला आहे. तिची जाहिरात पाहत राहा. वयामुळे शरीर साथ देईल का, असा तुमचा रोख असेल तर साताऱ्याच्या स्वाती महाडिक आठवून पाहा. पती कर्नल संतोष महाडिक २०१५ साली काश्मीरमध्ये हुतात्मा झाल्यानंतर, दोन मुलांची आई असलेल्या स्वातीताईंनी वयाची सवलत मिळवून चेन्नईचे प्रशिक्षण पूर्ण केले आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्या अधिकारी झाल्या. बरोबरीच्या मुली त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान होत्या.

प्रश्न : *मी जुन्नरहून लिहिते आहे. दहावीत आहे. सराव कोणत्या बुटांत करावा?*

उत्तर : दहावीनंतरचे पाहायचे असेल तर नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू झाली आहे; अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी तिथे होते. सरावासाठी साधे पळण्याचे बूट पुरेत, महाग नकोत. ते संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभराने पाय किंचित सुजलेले असतात. ज्या मोज्यांत पळणार ते मोजे घालून बघ, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू दे, आणि दुकानदार काही म्हणाला तरी दुकानाबाहेरच्या रस्त्यावर दहा पावले पळून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.